वेष्टनाची मागची बाजू

धान्याच्या व्यापारात आयुष्य गेलेली माणसे पोत्याच्या तोंडाशी दिसणाऱ्या दाण्यावरून भाव ठरवीत नाहीत. पोकळ सळई पोत्याच्या पोटात खुपसून आतला दाणा तळहातावर घेतला जातो, दाताखाली दाबून त्याची ओल पाहिली जाते आणि मगच बोली होते. कापडाचे ठाण घेताना वरच्या घडीची चकाकी पाहून कोणी भुलत नाही. वीण पाहिली जाते. सोन्याला तर कसोटीचा दगडच आहे. ही पारख आपल्या घराण्यांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. नवल वाटते ते एवढ्याचेच, की हीच घरे केसांना व त्वचेला लावावयाच्या वस्तू घेताना मात्र वेष्टनाच्या दर्शनी बाजूवर विसंबून राहतात. तेथे एक हिरवे पान असते, त्यावर दवबिंदू असतो आणि 'नैसर्गिक', 'हर्बल', 'शुद्ध' यांपैकी एखादा शब्द ठळक अक्षरांत असतो. तेवढ्यावर सौदा होतो.

वास्तविक 'नैसर्गिक' या शब्दाने वस्तूविषयी फारच थोडे कळते. बिब्ब्याइतके नैसर्गिक दुसरे काय असेल? तो झाडावरच येतो. परंतु त्याचे तेल कातडीला लागले की फोड उठतात, हे आपल्या आज्या जाणून होत्या. लिंबाचा रस चेहऱ्यास लावून उन्हात बसले, तर त्वचा भाजल्यासारखी होऊन काळे डाग पडतात. शिसे आणि पारा हीही निसर्गाचीच देणगी आहे. तेव्हा वस्तू निसर्गातून आली की कारखान्यातून, हा प्रश्न दुय्यम मानावा. ती आपल्या शरीरावर काय करते आणि ती कोणाच्या जिवावर तयार झाली, हे दोन प्रश्न महत्त्वाचे. त्यांची उत्तरे दर्शनी बाजूवर नसतात. ती मागे, बारीक अक्षरांत असतात, आणि तीही सर्वच नसतात.

मागच्या बाजूची घटकांची यादी वाचण्याची एक रीत आहे. एक टक्क्याहून अधिक प्रमाणात असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले त्यानंतर कोणत्याही क्रमाने येऊ शकतात. शाम्पूच्या यादीत पहिले नाव बहुधा 'अ‍ॅक्वा' असते. हे नाव कितीही भारदस्त वाटले, तरी ते पाणीच. त्यानंतर फेस आणणारी द्रव्ये, मग दाटपणा देणारे क्षार. आता 'फिनॉक्सीइथेनॉल' हे नाव शोधावे. हे परिरक्षक, म्हणजे वस्तू नासू न देणारे द्रव्य, साधारणतः एक टक्क्याच्या आतच वापरले जाते. म्हणजे यादीत त्याच्या पुढे जे जे आले, ते सर्व एक टक्क्याच्या आतबाहेर घुटमळणारे समजावे. दर्शनी बाजूवर केशराची काडी आणि बदामाची गिरी मोठ्या दिमाखात चितारलेली असते. यादीत ती दोन्ही नावे फिनॉक्सीइथेनॉलच्या पलीकडे, अगदी शेपटाकडे सापडतात. व्यापाराच्या भाषेत बोलायचे, तर तो नमुन्याचा माल झाला. बाटलीची किंमत मात्र केशराच्या भावाने लावलेली असते.

परिरक्षकाचा विषय निघालाच आहे, तर एक गैरसमज दूर केला पाहिजे. 'परिरक्षकविरहित' या शब्दाची आजकाल मोठी चलती आहे. परंतु जेथे पाणी आहे तेथे जीवोत्पत्ती आहे, हे आपल्या वाचकांना सांगण्याची गरज नसावी. पिठाची मर्यादा पावसाळ्यात तीन, उन्हाळ्यात पाच आणि हिवाळ्यात सात दिवस मानणारी घरे आपल्यात आजही आहेत. मग पाण्याने भरलेली, वर कोरफडीचा व फळांचा अर्क घातलेली मलमाची डबी दोन वर्षे कपाटात कशी टिकते? एक तर तिच्यात परिरक्षक वेगळ्या नावाने आहे, किंवा तिच्यात डोळ्यांना न दिसणारी बुरशी व जंतू वाढत आहेत आणि आपण रोज त्यांत बोट बुडवीत आहोत. पाणी असलेल्या वस्तूत प्रमाणात घातलेले परिरक्षक ही फसवणूक नव्हे. ते नाही असे खोटे सांगणे ही फसवणूक होय. ज्यांना परिरक्षक मुळीच नको, त्यांनी कोरड्या वस्तूंकडे वळावे: पीठ, चूर्ण, माती, किंवा निव्वळ तेल. कोरड्या चूर्णात जंतू सहसा वाढत नाहीत, म्हणून त्याला राखणदार लागत नाही. उटणे आणि शिकेकाई डब्यात कोरडी ठेवून वापरण्याच्या वेळीच भिजविण्याची जुनी पद्धत होती, तिच्यामागे हेच शहाणपण होते.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे. जेवणाच्या पदार्थांवर हिरवा ठिपका पाहिल्याखेरीज आपण पुडा उचलत नाही. काही साबणांवर व क्रीमवरही असा ठिपका दिसतो. तो असल्यास उत्तमच. परंतु तो प्रत्येक प्रसाधनावर असेलच असे नाही, आणि नसला म्हणजे वस्तू प्राणिजच आहे असेही नाही. म्हणून काही नावे ओळखीची करून घेणे भाग आहे. 'सोडियम टॅलोवेट' म्हणजे गुरांच्या किंवा मेंढ्यांच्या चरबीचा साबण. परदेशातून भेट म्हणून आलेल्या सुगंधी वड्यांच्या यादीत हे नाव आजही आढळते, आणि अशा वड्या आपल्याकडे कपाटात साड्यांच्या घडीत जपून ठेवल्या जातात! 'कार्माइन', किंवा त्याचाच क्रमांक 'सी. आय. ७५४७०', हा ओठांच्या व गालांच्या प्रसाधनांतील सुरेख लाल रंग. तो निवडुंगावर वाढणाऱ्या कोचिनील नावाच्या किड्यापासून काढतात. दक्षिण अमेरिकेतील पेरू या देशात त्याची मोठी पैदास होते. एक पौंड वाळलेल्या मालासाठी सुमारे सत्तर हजार किडे लागतात. हा रंग 'नैसर्गिक रंग' म्हणूनच विकला जातो, आणि शब्दशः पाहता ते खोटेही नाही. येथेच हा शब्द आपल्या वाचकाला सर्वाधिक दगा देतो.

'सेरा अल्बा' म्हणजे मधमाशीचे मेण. जी घरे मधाला स्पर्श करीत नाहीत, त्यांच्या मुलींच्या पर्समधील ओठांच्या मलमात ते हमखास असते. 'लॅनोलिन' हे मेंढीची लोकर धुताना निघणारे मेण. 'शेलॅक' म्हणजे लाख. ती लाखेच्या किड्याची निर्मिती. 'ग्वानीन' ही मोत्यासारखी झळाळी, ती माशांच्या खवल्यांपासून. 'हायड्रोलाइज्ड केराटिन' लोकर, पिसे, शिंगे, खुरे यांपासून काढलेले असते. लग्नाआधी केस सरळ व चमकदार करण्यासाठी जी केराटिनची प्रक्रिया करवून घेतात, तिच्यात याहून वेगळाही धोका असतो: काही मिश्रणे तापविली असता फॉर्मल्डिहाइड वायू बाहेर पडतो. तो डोळ्यांना व श्वासाला झोंबतो, आणि ग्राहक स्त्रीपेक्षाही तेथे दिवसभर उभ्या राहणाऱ्या कामगार मुलीला अधिक बाधतो. तिचा विचार कोणी करीत नाही.

यांहून अवघड नावे ती, ज्यांना दोन माहेरे आहेत. ग्लिसरीन आणि स्टिअरिक आम्ल ही वनस्पती तेलांपासूनही होतात व चरबीपासूनही. 'स्क्वॅलेन' पूर्वी शार्क माशाच्या यकृतापासून काढीत, आता ऑलिव्ह व उसापासूनही मिळते. यादीत नाव एकच, कूळ मात्र कळत नाही. ते उत्पादकालाच विचारावे लागते. कसे विचारावे, ते शेवटी पाहू.

येथे एक खुलासा. वेष्टनावरील सशाचे चित्र पाहून पुष्कळ जण निश्चिंत होतात. त्या चित्राचा अर्थ प्राण्यांवर चाचणी केलेली नाही, इतकाच. भारतात प्रसाधनांची प्राण्यांवरील चाचणी २०१४ सालीच बंद झाली, आणि अशी चाचणी केलेल्या प्रसाधनांची आयातही त्याच वर्षी थांबविण्यात आली. चाचणी नसलेल्या मलमातही मधमाशीचे मेण असू शकते. दोन्ही गोष्टी स्वतंत्रपणे पाहाव्या लागतात.

चरबी नको म्हटल्यावर साबण कशाचा? बहुतांशी पामतेलाचा. आपल्यापैकी अनेक घरे तेलाच्या व्यवसायात आहेत. त्यांना हे नव्याने सांगावयाचे नाही, की जगातील पामतेलाचा फार मोठा भाग इंडोनेशिया व मलेशिया या दोन देशांतून येतो आणि त्याच्या आयातदारांत भारत अग्रभागी आहे. सुमात्रा व बोर्निओ या बेटांवरील पर्जन्यवने तोडून व जाळून पामच्या बागा उठल्या. ओरांगउटान हा वानर जंगली अवस्थेत केवळ याच दोन बेटांवर उरला आहे. त्याचे घर त्या आगीत गेले. वडीवर हिरवा ठिपका आहे, चरबीचा अंश नाही, तरीही तिच्यामागे जळालेले अरण्य असू शकते. मग पामतेल सरसकट वर्ज्य करावे काय? मला तसे वाटत नाही. एका हेक्टरातून पामचे जितके तेल निघते, त्याच्या जवळपासही सोयाबीन किंवा सूर्यफूल येत नाही. सर्वांनी पाम सोडून ती तेले घेतली, तर अधिक जमीन नांगराखाली येईल. नव्याने जंगल न तोडता काढलेल्या तेलाला प्रमाणित करण्याची एक जागतिक व्यवस्था २००४ पासून आहे. तिचे चिन्ह असलेली वस्तू मिळाल्यास अवश्य घ्यावी. पण सर्वांत सोपा उपाय कोणत्याही चिन्हावाचून आहे: साबण कमी वापरणे. घाम येतो ते अवयव, तळपाय आणि हात सोडले, तर इतरत्र रोज साबण लागतोच असे नाही. साबणाचा आम्लांक नऊ ते दहाच्या घरात असतो, निरोगी त्वचेचा पाचच्या आसपास. हिवाळ्यात पोटऱ्यांवर पांढरे ओरखडे उठतात, त्याचे एक कारण हे.

साबण घेताना वेष्टनावर 'टीएफएम' ही अक्षरे शोधावीत. वडीत तेलांश किती, हे त्यांवरून कळते. ७६ टक्के किंवा अधिक असल्यास पहिली प्रत, ७० असल्यास दुसरी, ६० असल्यास तिसरी. 'बेदिंग बार' असे लिहिलेल्या वडीत हे प्रमाण आणखी खाली असू शकते. जाहिरातीतील अभिनेत्रीपेक्षा हा आकडा अधिक बोलका आहे.

कोरफड आणि कांद्याविषयी थोडेसे. कांद्याचे केशतेल सध्या घरोघरी पोहोचले आहे; ज्या स्वयंपाकघरात कांदा येत नाही, त्या घराच्या न्हाणीघरात तो बाटलीतून येतो. श्वेतांबर परंपरेतील बत्तीस अनंतकायांच्या यादीत तर ओली हळद, ओला कचोरा, शतावरी, गुळवेल आणि कोरफड यांचीही नावे आहेत. तो नियम प्रामुख्याने आहाराचा. बाह्य उपयोगासाठी तो कोठवर पाळावा, हे प्रत्येक घराने आपल्या गुरुजनांना विचारून ठरवावे. या स्तंभाचा तो अधिकार नव्हे. एवढे मात्र म्हणता येईल, की केसांना ओलावा देण्यासाठी जास्वंदीची पाने व फुले, मेथीदाणे किंवा जवसाचा चीक कोरफडीची उणीव भासू देत नाहीत. कांद्याच्या तेलाबाबत तर मी म्हणेन, की त्याची कीर्ती त्याच्या गुणांच्या मानाने फार पुढे गेली आहे.

चमकणाऱ्या वस्तूंविषयीही बोलले पाहिजे. 'खनिज प्रसाधने' म्हणून जी पावडर, पापण्यांचा रंग व चकाकी विकली जाते, तीतील झगमग बहुधा अभ्रकाची असते. यादीत ते 'मायका' किंवा 'सी. आय. ७७०१९' असे येते. झारखंडातील कोडरमा व गिरिडीह आणि लगतचा बिहार हा अभ्रकाचा जुना पट्टा. तेथील बंद पडलेल्या खाणींच्या बिळांतून अभ्रकाचे तुकडे वेचण्यास लहान मुले जातात, दरडी कोसळून दगावतात, हे वारंवार उघडकीस आले आहे. अभ्रक शुद्ध, खनिज, नैसर्गिक; कोणत्याही प्राण्याचा अंश नाही. ठिपका खुशाल हिरवाच लागेल.

आता मेंदी. महाराष्ट्रातील कित्येक मारवाडी कुटुंबांचे मूळ गाव पाली जिल्ह्यात आहे. त्याच जिल्ह्यातील सोजतची मेंदी देशभर जाते, आणि २०२१ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. खऱ्या मेंदीचे चूर्ण हिरवट असते, त्याला वाळलेल्या गवतासारखा वास येतो. पानांतील लॉसोन नावाचे द्रव्य त्वचेत मुरण्यास काही तास लागतात. प्रथम रंग नारिंगी येतो आणि दीड-दोन दिवसांत गडद तपकिरी होतो. खरी मेंदी काळी कधीच होत नाही. तेव्हा अर्ध्या तासात काळाभोर रंग देणारी 'काळी मेंदी' पाहिली, की तीत काय मिसळले आहे हा प्रश्न पडलाच पाहिजे. पुष्कळदा ते पॅरा-फेनिलिनडायअमाइन, म्हणजे 'पीपीडी' हे केस रंगविण्याचे रसायन असते. केसांच्या रंगात त्याचा वापर मर्यादेत व सूचनेसह होतो. कातडीवर नक्षी काढण्यासाठी ते मुळीच नाही. हातावर नक्षीच्या रेषेबरहुकूम फोड उठतात. त्याहून वाईट असे, की एकदा शरीराने या द्रव्याशी वैर धरले की ते आयुष्यभर टिकते. सोळाव्या वर्षी कोणाच्या तरी लग्नात हातावर काळी मेंदी लावलेल्या मुलीने चाळिशीत केसांना कलप लावला, की तिचा चेहरा सुजून डोळे मिटतात आणि कोणालाच कारण उमगत नाही.

केसांसाठीच्या 'हर्बल काळ्या मेंदी'च्या पुड्यांतही अनेकदा हेच रसायन असते. वर 'आवळा, शिकेकाई, भृंगराज' लिहिलेले, आणि मागे एक इशारा: वापरण्यापूर्वी त्वचेवर चाचणी घ्यावी, पापण्या व भुवयांना लावू नये. हा इशारा रासायनिक कलपांवर छापावा लागतो. तो दिसला, की वरच्या वनौषधींची नावे शोभेची समजावी. ज्यांना केस खरोखर वनस्पतींनी काळे करावयाचे आहेत, त्यांनी दोन टप्पे करावेत: आधी मेंदी, ती धुतल्यावर निळीच्या पानांचे चूर्ण. रंग गडद येतो. वेळ मात्र पूर्ण सकाळ जाते, आणि दर महिन्याला तसेच करावे लागते. कोणतीही नवी वस्तू, ती घरची असो वा बाजारची, प्रथम कोपराच्या आतल्या बाजूस किंवा कानामागे लावून दोन दिवस थांबावे. लग्नाच्या आदल्या दिवशी नवे काहीही वापरू नये.

लग्नावरून ज्या विषयाला हात घालणे टाळता येत नाही, तो गोरेपणाचा. आपल्या समाजाच्या विवाह-परिचय पत्रिकांत 'गौरवर्ण' हा शब्द आजही विनासंकोच छापला जातो, आणि त्याचा भार उपवर मुलीच्या चेहऱ्यावर पडतो. ती एखादी छोटी डबी मिळविते. वर वनस्पतींची चित्रे, घटकांची यादी नाही, उत्पादकाचा पत्ता नाही. आठ दिवसांत उजळपणा येतो. असा उजळपणा बहुधा दोन गोष्टींतून येतो: पारा किंवा स्टेरॉइड. भारतीय नियमांप्रमाणे डोळ्यांभोवतीच्या वस्तू सोडल्यास कोणत्याही प्रसाधनात पाऱ्याचा अंश, तोही अनवधानाने आलेला, दशलक्षात एका भागाहून अधिक चालत नाही. परंतु नियम छापील वेष्टनाच्या मालाला लागतात. हातोहात फिरणाऱ्या डबीला कोण पाहतो? पारा त्वचेतून मूत्रपिंडापर्यंत पोहोचतो. केरळात आणि महाराष्ट्रातही अशा क्रीमनंतर तरुण स्त्रियांची मूत्रपिंडे दुखावल्याची प्रकरणे डॉक्टरांनी नोंदविली आहेत. स्टेरॉइडची मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्यावयाची. ती महिनोन्‌महिने लावली तर त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, चेहऱ्यावर लव वाढते आणि मलम बंद करताच आग होते. ज्या डबीवर घटकांची यादी नाही, ती घरात येऊ देऊ नये. आणि परिचय पत्रिकेतील तो शब्द कोणी गाळला, तर पुढील अंकापासून आपले काहीही बिघडणार नाही.

मग घरात ठेवावे काय? केसांसाठी शिकेकाई, रिठा व आवळकाठी. शेंगा उन्हात वाळवून नीट निवडाव्यात, कारण त्यांत कीड लपलेली असते. रिठ्याच्या बिया काढाव्यात. शिकेकाई दोन भाग, रिठा एक, आवळकाठी एक, असे प्रमाण बहुतेकांना मानवते. जी घरे रात्री पाण्यात काही भिजत ठेवीत नाहीत, त्यांनी सकाळी गाळलेल्या पाण्यात हे तुकडे घालून मंद आचेवर अर्धा तास उकळावेत आणि फडक्यातून गाळून घ्यावेत. गाळण्याचा कंटाळा केला तर केसांत भुसा राहतो, आणि पुष्कळ तरुणी शिकेकाई सोडतात त्या एवढ्याच कारणाने. फेस कमी येईल. फेसाचा आणि स्वच्छतेचा संबंध आपण समजतो तितका निकट नाही. बोअरवेलच्या जड पाण्यात साबण फाटून केसांवर राप धरतो, शिकेकाईचे तसे होत नाही. आदल्या दिवशी खोबरेल तेल लावलेले असावे, नाहीतर केस कोरडे होतात. पाणी डोळ्यांत जाऊ देऊ नये, रिठा फार झोंबतो.

त्वचेसाठी मसुराच्या किंवा हरभऱ्याच्या डाळीचे पीठ, त्यात आंबेहळद, वाळा, नागरमोथा, वाळलेल्या संत्र्याच्या सालीचे व गुलाबपाकळ्यांचे चूर्ण. दिवाळीपुरते मर्यादित झालेले उटणे आठवड्यातून दोनदा वापरण्यास काहीच हरकत नाही. तेलकट त्वचेस मुलतानी माती, कोरडीस नव्हे. या चूर्णात जटामांसी घालण्याचा प्रघात आहे. ती आता वगळावी. हिमालयातील ही वनस्पती अतिउपशाने नष्टप्राय झाली आहे. चंदनाचीही अवस्था चिंतेचीच. 'चंदन' लिहिलेल्या स्वस्त वस्तूत तर बहुधा चंदनाचा वासच असतो, आणि यादीत तो 'परफ्यूम' या एका शब्दामागे दडलेला असतो.

घरच्या वस्तूंचा आग्रह हट्टाच्या पातळीवर नेऊ नये, हेही लिहिले पाहिजे. उन्हापासून रक्षणासाठी खोबरेल तेल पुरेसे नाही. ज्यांना भर दुपारी दौऱ्यावर जावे लागते, त्यांनी झिंक ऑक्साइडचे मलम विकत घ्यावे. इसब, गजकर्ण, चाई यांवर उटणे हा उपचार नव्हे.

मोरीतून वाहून जाणाऱ्या पाण्याकडेही पाहावे. चेहरा घासण्याच्या काही लेपांत प्लास्टिकचे सूक्ष्म मणी असत. गाळणीतून निसटून ते नदीत व माशांच्या पोटात जातात. अमेरिकेने २०१५ साली कायदा करून धुऊन टाकावयाच्या प्रसाधनांतील असे मणी बंद केले. आपल्याकडे यादीत 'पॉलिएथिलीन' दिसले, तर ती वस्तू परत ठेवावी. तांदळाची जाडसर पिठी तेच काम करते. आणि शाम्पूच्या पुड्या! प्लास्टिक व धातूचे पापुद्रे एकमेकांस चिकटवून केलेली ती पुडी भंगारवालाही घेत नाही, कारण पापुद्रे वेगळे करणे परवडत नाही. ती गटारात तुंबते.

या पुड्यांच्या माळा टांगलेल्या असतात त्या दुकानांपैकी कित्येक दुकाने आपल्याच वाचकांची आहेत. म्हणून येथील वाचक केवळ ग्राहक नाही, तो विक्रेताही आहे, आणि त्याच्या हातात ग्राहकापेक्षा अधिक सत्ता आहे. कोणता माल गल्ल्यासमोर मांडावयाचा आणि कोणता मुळीच ठेवावयाचा नाही, हे तोच ठरवितो. यादी नसलेली गोरेपणाची डबी आणि काळ्या मेंदीचा बिननावाचा कोन या दोन वस्तू दुकानातून काढल्याने नफ्यात फार फरक पडत नाही. सुटी शिकेकाई, रिठा, आवळकाठी व मसूर पीठ वजनावर विकणे हे तर किराणा दुकानाचे जुनेच काम. पुड्यांच्या शेजारी मोठी बाटलीही असावी, आणि गिऱ्हाइकाला दर मिलिलिटरचा हिशेब करून दाखवावा.

उत्पादकाला विचारण्याची रीत अशी. प्रत्येक वेष्टनावर ग्राहक-तक्रारीसाठी पत्ता, दूरध्वनी किंवा ई-मेल छापणे बंधनकारक आहे. तेथे लेखी विचारावे, तोंडी नव्हे; तोंडी उत्तरात 'सगळे शाकाहारीच आहे' एवढेच ऐकू येते. वस्तूचे नाव व बॅच क्रमांक द्यावा आणि प्रश्न नेमके असावेत: या वस्तूतील ग्लिसरीन व स्टिअरिक आम्ल वनस्पतिजन्य आहे की प्राणिज? लाल रंगाचा क्रमांक कोणता? पामतेल प्रमाणित आहे काय? मायका कोठून घेता? घरगुती ग्राहकाच्या पत्राला उत्तर येण्यास महिना लागतो. तेच पत्र दुकानाच्या छापील कागदावर, शिक्क्यासह आणि पुढील मागणी उत्तर येईपर्यंत रोखून ठेवली आहे अशा ओळीसह गेले, तर वितरकाचा माणूस बहुधा त्याच आठवड्यात दारात उभा राहतो.